रस्त्याकडेचे अनोळखी रानफूल ओळखताना: आधी कुल, मग नाव

रस्त्याच्या साइडपट्टीवर अनोळखी फूल दिसले की बहुतेक जण त्याचा शोध रंगापासून सुरू करतात. पिवळे, लहान, पाच पाकळ्यांचे एवढे टिपून ते चित्रांच्या पुस्तकात किंवा मोबाइलवर त्याच्याशी जुळणारे फूल शोधू लागतात, आणि थोड्याच वेळात एकसारखी दिसणारी वीस-पंचवीस फुले समोर येऊन शोध अडतो. अडचण फुलाची नसून शोधाच्या क्रमाची असते. जगात सपुष्प वनस्पतींच्या तीन लाखांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतून नेमकी एक थेट निवडणे अनुभवी अभ्यासकालाही जमत नाही. तो आधी वनस्पतीचे कुल, म्हणजे अनेक प्रजातींचा मोठा गट (फॅमिली), ठरवतो. सध्या सर्वाधिक मान्य असलेल्या वर्गीकरणाच्या २०१६ च्या आवृत्तीत सपुष्प वनस्पतींची ४१६ कुले मानली आहेत, आणि रस्त्याकडेला वारंवार भेटणारी कुले त्यांतली जेमतेम डझन-दीड डझन असतात. कुल ठरले की लाखोंचा प्रश्न काही शेकड्यांवर येतो, प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट (जीनस), ठरली की तो दहा-वीस जातींपुरता (स्पीशीज) उरतो, आणि रंगाचा उपयोग झालाच तर या शेवटच्या टप्प्यावर होतो.

रंगावर विसंबू नये याला ठोस कारणे आहेत. घाणेरीच्या एकाच गुच्छात मधली फुले पिवळी आणि कडेची गुलाबी किंवा नारिंगी दिसतात, कारण फूल जुने होत जाते तसा त्याचा रंग बदलतो. निळ्या-जांभळ्या फुलांच्या अनेक जातींत मधूनच पांढऱ्या फुलांचे झाड उगवते. त्यातच मोबाइलचा कॅमेरा निळा आणि जांभळा या छटांमध्ये हमखास गोंधळ करतो, त्यामुळे घरी आल्यावर छायाचित्रात दिसणारा रंग मूळ फुलाचा असेलच असे नाही.

पाच पिवळ्या पाकळ्यांची फसवणूक

हे प्रत्यक्ष कसे घडते ते पाहण्यासाठी पाच पिवळ्या पाकळ्यांचेच उदाहरण घेऊ. चिकणा, गोखरू, आंबुटी, घोळ आणि टाकळा या पाचही वनस्पती उष्ण प्रदेशांतील रस्त्यांच्या कडेला उगवतात, त्यांतल्या काही समशीतोष्ण देशांतही पोहोचल्या आहेत, आणि पाचही जणींची फुले पिवळी, लहान व पाच पाकळ्यांची असतात. तरीही त्या पाच निरनिराळ्या कुलांतल्या आहेत, आणि पाकळ्यांचा रंग सोडून इतर जवळजवळ प्रत्येक बाबतीत एकमेकींपासून वेगळ्या आहेत.

चिकण्याच्या फुलात डोकावले की पुंकेसर सुटे दिसत नाहीत. त्यांचे तंतू जुळून एक नळी झालेली असते आणि स्त्रीकेसर त्या नळीतून वर येतो. जास्वंद आणि भेंडी यांच्या फुलांतही हीच रचना असते, म्हणजे चिकणा त्याच कुलातला. मात्र जास्वंदीच्या फुलाखाली निदलांच्या, म्हणजे पाकळ्यांखालच्या हिरव्या पात्यांच्या, बाहेर छोट्या छदांचे (फुलाखाली येणाऱ्या पानासारख्या भागांचे) आणखी एक वर्तुळ असते, ते चिकण्यात नसते. गोखरूची पाने समोरासमोर येतात, प्रत्येक पान जोडीजोडीने लागलेल्या अनेक पर्णिकांचे (पानाच्या छोट्या, पानासारख्याच दिसणाऱ्या भागांचे) बनलेले असते, आणि समोरासमोरच्या दोन पानांपैकी एक दुसऱ्यापेक्षा मोठे असते. फुलात सुटे दहा पुंकेसर असतात आणि फळाला टोकदार काटे येतात. आंबुटीतही पुंकेसर दहाच असतात, पण पान तीन हृदयाकृती पर्णिकांचे असते आणि उभट शेंगेसारखे फळ पिकल्यावर जरा धक्का लागताच बिया उडवते. घोळीची पाने मांसल असतात, फुलाखाली निदले पाच नसून दोनच असतात, आणि फळाचा वरचा भाग झाकणासारखा आडवा तुटून निघतो. टाकळ्याच्या पानात बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात, पाकळ्या किंचित असमान असतात, पुंकेसर लहान-मोठे असतात आणि शेंग लांब व बारीक येते.

वरच्या परिच्छेदात पाकळ्यांच्या रंगाचा उल्लेख कुठेही करावा लागला नाही, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. पाने खोडावर कशी लागतात, पान साधे आहे की संयुक्त, निदले किती, पुंकेसर किती आणि सुटे की जुळलेले, फळ कसे उघडते, एवढ्या प्रश्नांनीच पाच कुले वेगळी झाली. या लक्षणांवर भर देण्याचे कारण असे की ऊन, पाणी आणि माती बदलली तरी ती सहसा बदलत नाहीत. झाडाची उंची, पानांचा आकार, लव दाट आहे की विरळ, या गोष्टी मात्र परिस्थितीनुसार बऱ्याच बदलतात.

रस्त्याकडेला तर त्या विशेषच बदलतात. साइडपट्टीवरील गवत वेळोवेळी कापले जाते. एरवी कमरेएवढी वाढणारी वनस्पती कापणीनंतर पुन्हा फुटते आणि वीतभर उंचीवरच फुलते, त्यामुळे वर्णनातली उंची व प्रत्यक्षातली उंची यांचा मेळ बसत नाही. चाकांखाली दबलेली घट्ट माती, डांबरावरून वाहून येणारे जादा पाणी, धूळ आणि वाहनांच्या धुरातून मिळणारा नत्र या सगळ्यांचा परिणाम वाढीवर होतो. म्हणून उंची न जुळल्याने एखादे नाव बाद करू नये. पानांची मांडणी जुळली नाही तर मात्र ते निःशंकपणे बाद करावे.

पानापासून सुरुवात

फूल ओळखायचे असले तरी पाहणी पानापासून करणे सोयीचे पडते, कारण फूल कोमेजते, मिटते, कधी कधी हातात घेताच गळते. पान तसेच राहते. खोडाच्या प्रत्येक पेरावर एकच पान असेल तर मांडणी एकाआड एक, दोन असतील तर समोरासमोर, आणि तीन किंवा अधिक असतील तर ती वर्तुळाकार. एवढ्या एका नोंदीने निम्मी कुले बाजूला पडतात. ही मांडणी खोडाच्या मधल्या भागात पाहावी, कारण काही वनस्पतींत खालची पाने समोरासमोर आणि शेंड्याकडची एकाआड एक अशी असतात.

नवशिक्यांचा सर्वात मोठा घोटाळा साधे पान आणि संयुक्त पान यांत होतो. एका देठावर लागलेल्या दहा पर्णिका म्हणजे दहा पाने नव्हेत, ते एकच पान असते. पण वरवर पाहता लहान फांदीवर दहा पाने लागल्यासारखे दिसते. यावर अचूक उपाय आहे. पान जिथे खोडाला जुळते त्या बेचक्यात कळी असते, अगदी बारीक असली तरी असते. पर्णिकेच्या बेचक्यात ती कधीच नसते. म्हणून आपण ज्याला पान समजतो आहोत त्याच्या तळाशी कळी शोधावी. ती सापडली नाही तर आणखी मागे, खोडाच्या दिशेने जावे. कळी जिथे सापडेल तिथून पुढचे सगळे मिळून एक पान.

याच वेळी पानाच्या देठाच्या तळाशी दोन बाजूंना लहान उपपर्णे आहेत का ते पाहावे, खोड बोटांत फिरवून गोल आहे की चौकोनी ते तपासावे, आणि पानाच्या शिरा समांतर जातात की जाळे करतात ते टिपावे. समांतर शिरा आणि फुलाचे भाग तीन-तीनच्या पटीत असतील तर वनस्पती बहुधा एकदल गटातली असते. चौकोनी खोड, समोरासमोरची पाने, दोन ओठांचे फूल आणि फुलाच्या तळाशी चार लहान कपच्यांचे फळ हा संच तुळशीच्या कुलाकडे नेतो. संच हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे, कारण घाणेरीचेही खोड चौकोनी असते आणि पाने समोरासमोर असतात. पण तिला मांसल, मण्यांसारखी फळे येतात आणि तिचे कुल वेगळे आहे. एका लक्षणावरून कुल ठरवणारा कधी ना कधी फसतो. तीन-चार लक्षणे एकाच दिशेला बोट दाखवू लागली की मग विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

फूल म्हणजे नेमके काय

आता फुलाकडे वळू, आणि येथे पहिला प्रश्न असा की आपण पाहतो आहोत ते एक फूल आहे का. सूर्यफुलाच्या कुलात जे एक फूल वाटते ते प्रत्यक्षात अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. कडेला पाकळीसारखी दिसणारी प्रत्येक पट्टी हे स्वतंत्र फूल असते आणि मधली तबकडी अनेक नळीसारख्या फुलांची असते. एकदांडीच्या कडेला बहुधा पाचच फिकट पट्ट्या असतात, म्हणून नवशिका ‘पाच पाकळ्या’ असे लिहितो आणि तिथेच वाट चुकतो. प्रत्येक पट्टीच्या टोकाला असलेले तीन दात आणि मधली तबकडी भिंगातून पाहिली की हा गैरसमज दूर होतो. या कुलात तीसेक हजारांच्या आसपास जाती आहेत आणि रस्त्याकडेला त्यांचे प्रमाण मोठे असते, तेव्हा ही एक गोष्ट शिकून घेतली तरी पुष्कळ काम होते. गुच्छाच्या खाली हिरव्या छदांच्या किती ओळी आहेत आणि बियांना केसांचा पिसारा आहे का, या दोन गोष्टी पुढे प्रजाती ठरवायला लागतात. म्हणून फूल उलटे करून पाहण्याची आणि त्याचे मागील बाजूनेही छायाचित्र घेण्याची सवय लावून घ्यावी.

फसवणुकीचा दुसरा प्रकार रंगीत छदांचा. बोगनवेलीची भडक गुलाबी ‘फुले’ म्हणजे छद असतात, खरी फुले त्यांच्या आत बारीक, नळीसारखी आणि फिकट असतात. दुधी (भोपळा नव्हे, युफोर्बिया प्रजातीतले रानटी झुडूप) आणि तिच्या नातलगांत तर प्रकरण आणखी गुंतागुंतीचे आहे. तेथे एका वाटीसारख्या रचनेत एक मादी फूल आणि त्याच्याभोवती अनेक नर फुले असतात, आणि प्रत्येक नर फूल म्हणजे केवळ एक पुंकेसर असतो. अशा वेळी पाकळ्या मोजण्याचा प्रयत्न सोडून द्यावा. तुटलेल्या देठातून निघणारा पांढरा चीक हीच त्यापेक्षा उपयोगी खूण ठरते, जरी असा चीक रुईच्या कुलातही असतो.

फूल एकच आहे अशी खात्री झाली की त्याची सममिती पाहावी. कोणत्याही व्यासावर कापले तरी दोन सारखे भाग होत असतील तर ते नियमित. एकाच उभ्या रेषेत दोन सारखे भाग होत असतील तर अनियमित. वाटाण्याच्या फुलात वर एक मोठी, बाजूंना दोन आणि खाली जुळलेल्या दोन अशा पाकळ्या असतात, हे अनियमित फुलाचे चांगले उदाहरण. त्यानंतर पाकळ्या सुट्या आहेत की तळाशी जुळून नळी झाली आहे ते पाहावे. शेवटी अंडाशय, म्हणजे पुढे ज्याचे फळ होते ती गाठ, कुठे आहे ते शोधावे. फुलाच्या मध्यभागी, पाकळ्यांच्या वर ती छोटी हिरवी गाठ दिसली तर अंडाशय ऊर्ध्वस्थ. पाकळ्यांच्या खाली, देठ फुगल्यासारखी दिसली तर अधःस्थ. ही बाब छायाचित्रात क्वचितच कळते आणि पुस्तकातील ओळख-किल्लीत (पायरीपायरीने नावाकडे नेणाऱ्या प्रश्नमालिकेत) मात्र हमखास विचारली जाते, म्हणून शक्य असेल तर गळलेले एखादे फूल उभे चिरून पाहावे.

यासाठी दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. ते फुलाजवळ धरून डोळा दूर ठेवू नये. भिंग डोळ्याला लावावे आणि फूल हळूहळू त्याच्या जवळ आणावे. बरोबर पट्टी ठेवावी, कारण ‘लहान’ या शब्दाला मोजमाप नसते. मोबाइलने फोटो काढताना कॅमेरा बारीक फुलाऐवजी मागच्या गवतावर स्थिर होतो; फुलामागे तळहात किंवा साधा कागद धरला की ही अडचण सुटते. वेळेचेही भान ठेवावे. घोळीची फुले उन्हात थोडेच तास उघडी राहतात, काही फुले दुपारनंतर मिटतात, तर काही संध्याकाळी उमलतात. दिवसाच्या चुकीच्या वेळी गेल्यास फुलाची नोंद अपुरी राहते.

किल्ली, अ‍ॅप आणि त्यांच्या मर्यादा

कुलाचा अंदाज आल्यावर पुस्तकातील ओळख-किल्ली हाती घ्यावी. प्रत्येक पायरीवर दोन परस्परविरोधी विधाने देऊन त्यांतील एक निवडायला लावणारी ही पद्धत फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क याने १७७८ च्या फ्रान्समधील वनस्पतींवरील ग्रंथात वापरून लोकप्रिय केली, आणि आजही तिला तोड नाही. किल्ली वापरताना दोन्ही विधाने पूर्ण वाचावीत, कारण पहिले विधान पटले की दुसरे न वाचता पुढे जाण्याचा मोह होतो. एखाद्या पायरीवर निर्णय होत नसेल तर दोन्ही वाटांनी पुढे जाऊन पाहावे. चुकीच्या वाटेवर चार-पाच पायऱ्यांत काहीतरी अगदी विसंगत वर्णन येतेच.

मोबाइलमधील अ‍ॅपबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. माझ्या मते ती उत्तम सूचना देतात, निर्णय मात्र देत नाहीत. नाव लावलेल्या लाखो छायाचित्रांवरून शिकलेली ही प्रणाली आपल्या छायाचित्राशी सर्वाधिक जुळणारी जात सुचवते. जी जात तिच्या शिकवणीत नव्हती किंवा फारच कमी होती, ती तिला सुचण्याची शक्यता जवळजवळ नसते. तेव्हा ती दिसायला जवळची, पण अधिक प्रसिद्ध अशी दुसरी जात पुढे करते. म्हणून फुलाचे समोरचे, बाजूचे व मागचे, पानाच्या दोन्ही बाजूंचे, पेराचे, फळाचे आणि संपूर्ण झाडाचे अशी वेगवेगळी छायाचित्रे द्यावीत, ठिकाण व तारीख नोंदवावी आणि आलेल्या उत्तरातून प्रथम कुलाचे नाव घ्यावे. पहिल्या पाच सूचना एकाच कुलातल्या असतील तर कुल बरोबर असण्याचा संभव मोठा. पाच सूचना पाच कुलांतल्या असतील तर अ‍ॅपलाही काही कळलेले नाही. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद जातीच्या पातळीवर पक्की मानली जाण्यासाठी ओळख देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे एकमत लागते. ही अट चांगली आहे, मात्र दोघांनी एकच चूक केली तर ती चूकही पक्की होऊन बसते.

नाव हाती आल्यावर त्याच्या बाजूचे पुरावे शोधण्यापेक्षा त्याच्या विरुद्धचे पुरावे शोधावेत. त्या जातीचे सविस्तर वर्णन वाचून आपल्या नमुन्यात काय जुळत नाही ते पाहावे. ब्रिटनमधील क्यू येथील वनस्पती उद्यानाची वनस्पतिनामांची यादी इंटरनेटवर उपलब्ध आहे. तीत मान्य नाव, जुनी नावे आणि मूळ प्रदेशाचा नकाशा मिळतो. जुन्या नावांचा भाग महत्त्वाचा आहे. सहदेवी जुन्या पुस्तकांत व्हर्नोनिया सिनेरिया या नावाने सापडते आणि नव्या यादीत सायँथिलियम सिनेरियम या नावाने. वनस्पती एकच, पण हे माहीत नसेल तर दोन वेगळ्या जाती समजून माणूस उगाच गोंधळतो.

साइडपट्टीचे वेगळेपण

रस्त्याकडेच्या फुलांसाठी एक खास सावधगिरी लागते. आसपासच्या जंगलातील रानफुलांचे पुस्तक कितीही चांगले असले तरी साइडपट्टीवरील फूल त्यात असेलच असे नाही, कारण रस्ता स्वतःच बिया वाहून नेतो. बर्लिनमधील मोटारमार्गांच्या बोगद्यांत सापळे लावून वाहनांबरोबर येणाऱ्या बिया गोळा केल्याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोनशेहून अधिक जातींच्या बिया सापडल्या आणि त्यांतल्या निम्म्या जाती त्या प्रदेशाबाहेरच्या होत्या. एकदांडी, घाणेरी, ओसाडी, गाजर गवत आणि पिवळा धोतरा या सगळ्यांचे मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण भागात आहे, पण आज त्या दुसऱ्या गोलार्धातील रस्त्यांवरही जणू तिथल्याच असल्यासारख्या उभ्या असतात. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यामुळे समुद्रकिनारी वाढणारी कॉकलेरिया डॅनिका ही पांढऱ्या फुलांची वनस्पती महामार्गांच्या कडेने देशाच्या आत दूरवर पसरली. म्हणून ‘हे फूल इथे असणार नाही’ हा युक्तिवाद साइडपट्टीवर जपून करावा. रानफुलांच्या पुस्तकात न सापडलेले फूल तणांच्या पुस्तकात आणि त्यानंतर बागेतल्या फुलांच्या पुस्तकात शोधावे; पिवळा-नारिंगी कॉसमॉस असाच बागेतून निसटून रस्त्यावर आलेला आहे.

ओळख पटेपर्यंत काहीही तोंडात घालू नये, आणि पटल्यावरही रस्त्याकडेचे घालू नये. पांढऱ्या फुलांचा छत्रीसारखा फुलोरा असणारे गाजराचे कुल याबाबतीत सर्वात धोक्याचे आहे. रानगाजर आणि प्राणघातक विषारी हेमलॉक एकाच प्रकारच्या जागी उगवतात. रानगाजराचे खोड केसाळ असते, फुलोऱ्याखाली फाटे फुटलेले छद असतात आणि कधी कधी मध्यभागी एक गडद फूल असते. हेमलॉकचे खोड गुळगुळीत असून त्यावर जांभळे डाग असतात. याच कुलातील तीन मीटरपेक्षाही उंच वाढणाऱ्या जायंट हॉगवीडचा रस त्वचेला लागून त्यावर ऊन पडले तर फोड येतात. गाजर गवताच्या स्पर्शानेही अनेकांच्या त्वचेला त्रास होतो. आणि या सगळ्यांपेक्षा जवळचा धोका वाहनांचा असतो, तेव्हा खाली वाकून भिंग लावण्याआधी डांबरापासून पुरेसे दूर असल्याची खात्री करावी.

एवढे करूनही प्रत्येक फुलाला जातीचे नाव मिळत नाही. डँडेलियन या सूर्यफुलाच्या कुलातील पिवळ्या रानफुलाच्या अनेक गटांत फलनाशिवाय बी तयार होते, त्यामुळे एकमेकांपासून अत्यंत बारीक फरकाने वेगळ्या अशा शेकडो ‘सूक्ष्म जाती’ झाल्या आहेत आणि त्या वेगळ्या काढणे हे त्या विषयाला वाहून घेतलेल्या तज्ज्ञांचे काम असते. अशा ठिकाणी प्रजातीपर्यंत थांबून तसेच लिहिणे हे अंदाजाने जात लिहिण्यापेक्षा कितीतरी बरोबर आहे. काही वेळा जात ठरवता येते, पण हातातल्या फुलावरून नव्हे. चिकण्याच्या जातींमध्ये फुले जवळपास सारखीच असतात. त्यांचे फळ पिकल्यावर किती फोडींत विभागते आणि प्रत्येक फोडीच्या टोकाला काटे आहेत का व किती लांब आहेत, यावरून जात कळते. म्हणून झाडाची नेमकी जागा लिहून ठेवावी, फळ येण्याच्या सुमारास पुन्हा जावे आणि साइडपट्टीवर पुढची कापणी कधी होणार आहे याची आधी चौकशी करावी.